आमच्या वेळची गाणी

माणूस म्हातारा झाला हे ओळखण्याच्या खुणा पुष्कळ सांगतात. कुणी पांढरे केस म्हणतं, कुणी म्हणतं जिना चढताना मधल्या पायरीवर निसर्गशोभा पाहायला थांबणं. माझ्या मते यातली एकही खूण भरवशाची नाही. केसांना कलप मिळतो आणि जिन्याला लिफ्ट. खात्रीची खूण वेगळीच आहे. कुठूनतरी गाणं ऐकू येतं आणि माणूस ते पुरतं कानात शिरायच्या आत म्हणतो, "ह्याला काय गाणं म्हणायचं? गाणी आमच्या वेळची!" हे वाक्य तोंडातून गेलं की समजावं, गडी पेन्शनीत निघाला. मग नोकरीची दहा वर्षं शिल्लक का असेनात!

आमच्या लातुरात संध्याकाळी फिरायला निघणारी आम्ही सहा जणं आहोत. बोलणं तुरीच्या भावावरून सुरू होवो, नळाच्या पाण्यावरून होवो, की कुणाच्या नातवाला 'नीट'मध्ये किती मार्क पडले यावरून होवो, तिसऱ्या वळणावर आम्ही गाण्यांवर येतो आणि चौथ्या वळणावर आमचं एकमत होतं. आता सहा म्हाताऱ्यांचं एखाद्या गोष्टीवर रोज एकमत होत असेल, तर ती गोष्ट खरी असण्याचा संभव फार कमी असतो, हा माझा कचेरीतला पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. तिथं ज्या ज्या टिपणीवर सगळ्यांच्या सह्या बिनतक्रार झाल्या, त्या टिपण्यांचं पुढं ऑडिट लागलं.

तेव्हा मला एक प्रश्न पडला. गाणं चांगलं होतं म्हणून आठवतं, की आठवतं म्हणून चांगलं वाटतं?

तुम्ही म्हणाल, रिकाम्या माणसाचे उद्योग. असतील. पण या प्रश्नाला एक शेपूट आहे. 'चांगलं' हा निकाल एकदा माझ्या हाती आला, की त्या निकालाच्या जोरावर मी पलीकडच्या खोलीत बसलेल्या नातीला "बंद कर ते" असं सांगू शकतो. निकाल खोटा निघाला तर ती नुसती दांडगाई होते. म्हणजे प्रश्न गाण्याचा दिसतो खरा, पण तो न्यायाचा आहे.

या दुखण्याला मराठीत स्मरणरंजन असा गोंडस शब्द आहे. ज्यानं तो केला त्यानं स्मरणात रंजनच असणार असं आधीच धरून टाकलं. इंग्रजीतला 'नॉस्टॅल्जिया' त्या मानानं प्रामाणिक आहे. तो मुळात रोगाचं नाव म्हणूनच जन्माला आला. १६८८ साली स्वित्झर्लंडातल्या बाझेल इथं योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं, वय वर्षं १९, आपल्या प्रबंधासाठी तो दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला. एक घरी परतण्याचा आणि दुसरा वेदनेचा. परमुलखात गेलेल्या स्विस पोरांना, विशेषतः पगारी शिपायांना, घराच्या आठवणीनं हे दुखणं लागायचं. पुढं रूसोनं १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलं, की गुराख्यांची एक चाल नुसती कानावर पडली तरी हे शिपाई रडायला लागत आणि पळून जात, म्हणून फौजेत ती वाजवायला देहान्ताच्या शिक्षेची बंदी होती. आणि पुढं रूसो असं सांगतो की त्या चालीत संगीत म्हणून विशेष काही नव्हतंच. ती आठवणीची खूण म्हणून काम करायची. परक्या माणसाला ऐकवली तर तो ढिम्म.

हे वाचून मला स्वित्झर्लंड आठवण्याचं कारण नव्हतं, कारण मी तो पाहिलेला नाही. मला आमच्या लातुरातली शिकवणी-वर्गांची गल्ली आठवली. लोहा, मुखेड, उदगीर, निलंगा, कुठकुठल्या गावांतून आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं तिथं खोल्या घेऊन राहतात. लातूर पॅटर्न! मोबाईल घरमालकाच्या कपाटात, गाणी बंद, दिवे अकराला बंद. स्विस सेनापतींना फार लांबचं काही सुचलं होतं असं म्हणायला नको.

आता आमच्या वेळचं. म्हणजे नांदेडचं.

आमच्या घरी रेडिओ होता आणि त्या रेडिओला मालक होते, अण्णा. रेडिओला सरकारी लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकिटं चिकटवून आणायची. बंदुकीला लागतं तसं गाण्याला लायसन्स लागायचं, हे आज नातीला सांगितलं तर ती माझ्याकडं आजारी माणसाकडं पाहावं तशी पाहते. ही पद्धत १९८० च्या दशकात गेली. अण्णा ती पुस्तिका रेशनकार्डाच्या शेजारी ठेवत, आणि रेडिओचा कान पिळायचा अधिकारही रेशनसारखाच मोजून देत.

अण्णांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, म्हणजे उर्दूतलं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मराठी घरात बोलायचे, हिशेब उर्दूत करायचे, रागवायचे दोन्हीत. याचा परिणाम मोठा गमतीचा झाला होता. सिनेमाची गाणी घरात लागलेली त्यांना खपत नसत, पण त्या गाण्यांतले शब्द समजणारे आमच्या अख्ख्या वाड्यात ते एकटेच होते. आम्ही पोरं 'तसव्वुर', 'तबस्सुम' असले शब्द जिलबीसारखे तोंडात घोळवत फिरायचो. अण्णा ओटीवरून एकदा म्हणाले, "अरे, अर्थ कळला असता तर लाज वाटली असती." त्या दिवसापासून आम्ही अर्थ विचारायला गेलो आणि त्यांनी तो कधीच सांगितला नाही.

त्यांचं स्वतःचं गाणं वेगळं होतं. रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि आठच्या आधीचं शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं असायचं. तेवढी तीन-चार मिनिटं घरात कुणी तांब्यासुद्धा वाजवायचा नाही. सैगल १९४७ साली गेला. अण्णा तेव्हा बाविशीत. त्या तीन मिनिटांत ते कुठं जात होते हे आम्हाला कधी कळलं नाही. आठ वाजता परत यायचे आणि दाढीचं पाणी मागायचे.

आमचा दिवस बुधवार. रात्री आठ ते नऊ, बिनाका गीतमाला. १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा कार्यक्रम म्हणजे अमीन सायानींचा आवाज, 'भाइयों और बहनों'मधल्या त्या बहनोंना आधी बोलावण्याची त्यांची ती लकब, आणि गाण्यांच्या पायऱ्या. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे इवलाले प्राणी निघायचे. माझ्याकडं हत्ती तीन होते आणि जिराफ एकही नव्हता, याचं दुःख मला अजून आहे. सिलोन शॉर्टवेव्हवर लागायचं. ते समुद्रावरून यायचं म्हणून की काय, आवाजाला भरती-ओहोटी असायची. गाणं ऐन रंगात आलं की गोदावरीच्या पुरासारखं वाढायचं, आणि नंबर सांगायची वेळ झाली की आटायचं. मग सगळे कान रेडिओच्या जाळीला. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. त्या दिवशी आम्ही सहाही जण फिरायला निघालो आणि चौथ्या वळणापर्यंत कुणी काही बोललं नाही.

हा सगळा थाट सिलोनचा का झाला, याचं कारण मोठं बोधप्रद आहे. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपलेच मराठी गृहस्थ, संगीताचे जाणकार. त्यांना वाटलं, सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. देश अभिरुची सुधारण्याऐवजी सिलोन लावून बसला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारनं विविध भारती काढली. ज्या गाण्यांनी अभिरुची बिघडत होती ती १९५०-५२ ची गाणी, हे लक्षात घ्या. आज त्यांनाच सुवर्णकाळ म्हणतात आणि वर्तमानपत्रं त्यांच्यावर पुरवण्या काढतात. त्याच आकाशवाणीवर हार्मोनियमलासुद्धा १९४० पासून तीसएक वर्षं बंदी होती. बिचारी पेटी! प्लेटोनंही बजावून ठेवलंय, की संगीताच्या नव्या तऱ्हा आल्या की राज्याचे पाये हलतात. म्हणजे आमचे अण्णा अगदी एकटे नव्हते.

सत्तरच्या दशकात पाये फारच हलले. राहुल देव बर्मन आले. पंचमचं ते दम टाकत, श्वास ओढत गाणं प्रथम ऐकलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "बिचाऱ्याला धाप लागलीय, पाणी द्या रे कुणीतरी." १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तलं ते चिलमीचं गाणं आकाशवाणीनं लावायचं टाळलं आणि बिनाकाच्या १९७२ च्या वार्षिक यादीत तेच पहिलं आलं. १९७६ च्या मे महिन्यात तर किशोरकुमारच बंद झाला. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात गायला तो तयार झाला नाही, म्हणून आणीबाणी उठेपर्यंत आकाशवाणीवर त्याचा आवाज नाही. आम्ही पुन्हा सिलोन. माझ्या पिढीला सरकार म्हणजे काय हे नागरिकशास्त्रानं कमी आणि रेडिओच्या सुईनं जास्त शिकवलं.

आणि ज्याला आजची मुलं रॉक नि पॉप म्हणतात ते नांदेडला आलं नाही, अशी काहींची समजूत आहे. आलं होतं. नाव बदलून आलं होतं, एवढंच. 'शोले'त, म्हणजे १९७५ साली, शेकोटीपाशी पंचमनी जी आर्त हाक घातली, तिची चाल डेमिस रूसोस नावाच्या ग्रीक गायकाकडची. १९७७ च्या 'हम किसी से कम नहीं'मधल्या एका तुकड्यावर आमच्या कॉलेजातली पोरं सायकलवर उभी राहून नाचायची, तो स्वीडनच्या 'अब्बा' मंडळींच्या 'मामा मिया'वरून उचललेला. आम्हाला याचा पत्ता नव्हता. लग्नाच्या वरातीत बँडवाले ते वाजवायचे, क्लॅरिनेटवर. स्टॉकहोमहून निघालेलं गाणं मुंबईत कपडे बदलून नांदेडच्या वजिराबादेत घोड्यापुढं नाचत होतं आणि घोड्यालाही परकं वाटत नव्हतं. उलट मूळ रॉकचं एक रोप आमच्याच महाराष्ट्रात वाढत होतं तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकात एक पारशी मुलगा पियानो शिकत होता, वर्गमित्रांचा बँड काढून वाजवत होता. जगानं पुढं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हटलं. पाचगणी आमच्यासाठी स्ट्रॉबेरीचं गाव.

असो. मूळ प्रश्नावर येतो, कारण या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी हात टाकलेला आहे. १९८९ साली होलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांना निरनिराळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली आणि आवड विचारली. त्यांना असं आढळलं की माणसाला सर्वांत जास्त आवडतं ते त्याच्या वयाच्या साधारण साडेतेविसाव्या वर्षी चालू असलेलं गाणं. साडेतेवीस! मला हा 'साडे' फार आवडला. मंगळ, शनी यांच्यानंतर आयुष्यावर असा अचूक अंमल गाजवणारं दुसरं काही मी ऐकलं नव्हतं.

मी लगेच बोटं मोजली. माझा जन्म जुलै १९५७ चा. साडेतेवीस म्हणजे जानेवारी १९८१. नोकरीला लागून मी लातुरात आलेलो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. वेगळा जिल्हा व्हायला १९८२ चा ऑगस्ट उजाडायचा होता. गंजगोलाईच्या मागं एक खोली घेतली होती. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या जानेवारीत सोळाही रस्त्यांनी एकच गाणं येत होतं. 'कुर्बानी'तलं. पंधरा वर्षांच्या नाझिया हसन नावाच्या पाकिस्तानी मुलीनं लंडनला गायलेलं, बिद्दूनं चाल दिलेलं, डिस्को. किराणा दुकानात तेच, कापड दुकानात तेच, चपलांच्या गल्लीत तेच. मी खोलीत सैगलच्या वारसाला शोभेल अशा गांभीर्यानं तलत महमूद ऐकायचा प्रयत्न करायचो आणि तलतच्या ताना चपलांच्या गल्लीच्या ठेक्यावर पडायच्या.

म्हणजे शास्त्राप्रमाणे माझं जन्माचं आवडतं गाणं डिस्को ठरतं. फिरायच्या मंडळींत मी आजवर तलतच सांगत आलो आहे. मुद्दाम एका रात्री घरात कुणी नाही असं पाहून ते 'कुर्बानी'तलं फोनवर लावलं. काय सांगू? पहिल्या चार ठोक्यांतच मला चपलांच्या नव्या कातड्याचा वास आला. खोलीचं भाडं आठवलं, पहिल्या पगाराचं पाकीट आठवलं, आणि पाय हलायला लागला. रूसो म्हणतो ती खूण हीच. तलतच्या गाण्यानं माझा पाय कधी हलला नाही. त्यानं फक्त माझी प्रतिष्ठा वाढली.

इथवर आलो आणि वाटलं, झालं, प्रश्न सुटला. गाण्यात काही नसतं, वयात असतं. पण हे उत्तर मला पचेना, आणि त्याला एक कारण आहे.

कचेरीत माझे एक सहकारी होते, किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा गावोगाव लोक गणपती बुडवून, रात्री उशिरा अंथरुणाला पाठ टेकून झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटं कमी होती. हजारो माणसं गेली. यांच्या घरातली किती, हे मी सांगत नाही. आदल्या रात्री मिरवणुकीत एक नाचाचं गाणं पुन्हा पुन्हा वाजलं होतं. त्या वर्षी सगळीकडं वाजत होतं ते, अगदी उडतं, खुळचट म्हणावं असं. पुढं दहाएक वर्षांनी एकदा कचेरीत दुपारी शिपायाच्या रेडिओवर ते लागलं. हे शांतपणे उठले, हातातली फाईल बांधली, बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले आणि गाणं संपल्यावर आत आले. कुणी काही विचारलं नाही. शिपायानं दुसऱ्या दिवशी रेडिओ आणला नाही.

यांचंही वय तेव्हा पंचविशीच्या आसपासच होतं. शास्त्राप्रमाणे ते त्यांचं आवडतं गाणं व्हायला हरकत नव्हती. 'स्मरणरंजन' हा शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारू शकत नाही. गाणं माणसाला चिकटताना परवानगी विचारत नाही, आणि जे चिकटलं त्यावर 'चांगलं-वाईट' असा शिक्का मारायला बसलो तर आपण नक्की कशाला मार्क देतो आहोत हेच कळत नाही. त्या दिवसाला? त्या माणसांना?

मग उत्तर मिळवायचं तर एकच उपाय. गाणं जुनं पाहिजे, पण ऐकणाऱ्याला ते नवं पाहिजे. आठवणीचा वास नको. असा माणूस कुठून आणायचा? अमेरिकेतल्या प्राध्यापकांना तो मिळाला की नाही मला माहीत नाही. मला तो स्वयंपाकघरात मिळाला.

झालं असं की नातीनं तिच्या आजीला कानात घालायची ती दोन बोंडं आणून दिली. कापसाच्या बोंडापेक्षाही लहान, वायर नाही, काही नाही. फोनवर जुन्या गाण्यांची एक लांबलचक माळ लावून दिली. दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि आमच्या सौभाग्यवती शेंगा फोडत होत्या. एकाएकी त्या थांबल्या.

"अहो, ह्या गाण्याला तिसरं कडवं पण आहे!"

मी म्हणालो, "असणारच. पहिल्यापासून आहे."

"मला नव्हतं माहीत."

बिनाकाच्या काळातलं गाणं, लाखो वेळा वाजलेलं. तिला माहीत नव्हतं. आता ही बाई अहमदपूरची, तिच्याही माहेरी रेडिओ होता, तिथंही बुधवार होता. पण रात्री आठ ते नऊ ही वेळ भाकरीची. रेडिओ ओटीवर, चूल मागं. पहिलं कडवं भिंतीतून यायचं, दुसऱ्याला कुणीतरी पाणी मागायचं, तिसऱ्याला पानं वाढायची. लग्न होऊन १९८२ ला लातुरात आली तर इथं रॉकेलचा स्टोव्ह. त्याचा तो भरभराट आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. त्याच्यापुढं मोहम्मद रफीसुद्धा हार मानेल. पुढं कुकर आला, त्याच्या शिट्ट्या. पन्नास वर्षं तिनं गाणी ऐकली ती अशी, पहिल्या कडव्यापुरती आणि तीही चालीनं. शब्दांच्या जागी जिथं ऐकू आलं नाही तिथं तिनं आपले भरले होते. एका फार प्रसिद्ध विरहगीतात ती चाळीस वर्षं 'दही' म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर अर्थ फारसा बिघडत नव्हता.

मी तिला विचारलं, "तुझ्या वेळची आवडती गाणी कुठली?"

"आमची वेळ?" ती म्हणाली. "आमची वेळ म्हणजे नळाची. पहाटे पाचला यायचा. नाही भरलं तर आठ दिवस बसा."

तर अशी ही निःपक्षपाती न्यायाधीश. गेले सहा महिने ती रोज दुपारी अण्णांच्या, माझ्या, आमच्या सगळ्यांच्या गाण्यांचा निकाल लावते आहे. मी वहीत चाळीस गाण्यांची यादी करून दिली होती, मोठ्या अभिमानानं. त्यातली सोळा तिनं शेवटपर्यंत ऐकली. सात गाण्यांना म्हणाली, "पहिल्या कडव्यापर्यंतच बरं होतं. पुढं नुसतं लांबण लावलंय." चौदा गाण्यांना मान हलवली ती कुठल्या दिशेनं ते मला कळलं नाही. तीन ऐकून झाल्यावर बोंडं काढून ठेवली आणि बराच वेळ शेंगा फोडल्या नाहीत. त्या तिघांत माझं एकही लाडकं नाही. एक सैगलचं आहे. अण्णा असते तर त्यांनी तो निकाल उर्दूत लिहून घेतला असता.

माझ्या तलतला तिनं पास केलं, पण शेऱ्यासकट: "आवाज चांगलाय. पण तुम्ही हे ऐकताना इतका चेहरा का करायचात?" 'मामा मिया' मूळचं ऐकून म्हणाली, वरातीतलं आहे की हे, बँडवाल्यांनी बरं वाजवलं होतं. आणि नातीच्या माळेतलं एक मराठी रॅप आहे, ज्यात एक पोरगा श्वास न घेता कुणाशी तरी भांडत असतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून "पाणी द्या रे त्याला" असं अण्णांचंच वाक्य निघालं होतं. ते तिनं दोनदा ऐकलं. "भांडतोय खरं," ती म्हणाली, "पण मुद्द्याचं भांडतोय. आणि ह्याचं सगळं ऐकू येतंय."

याचा अर्थ गाण्यात काहीतरी असतं. सगळ्यांत नसतं, आमच्यातल्या पुष्कळांत नव्हतं. पण त्या तीनमध्ये आहे, कारण तिच्याकडं त्यांची कुठलीही आठवण नाही. सहासष्टाव्या वर्षी, भर दुपारी, शेंगांच्या टरफलांत बसून ती ते पहिल्यांदा ऐकते आहे. त्या दोन प्राध्यापकांना हे कळवावं असं मनात येतं. त्यांच्या साडेतेवीसच्या हिशेबात, ज्यांचं साडेतेविसावं वर्ष दुसऱ्यांच्या गाण्याला पानं वाढण्यात गेलं, त्यांचा रकाना बहुधा नसावा. हिचं साडेतेविसावं १९८३-८४ चं. तेव्हा कडेवर एक आणि स्टोव्हवर एक, अशी तिची वर्षं.

फिरायच्या मंडळींना मी हे सांगितलं. पहिल्यांदाच चौथ्या वळणावर आमचं एकमत झालं नाही. एकजण म्हणाले, बायकांना काय कळतंय गाण्यातलं. दुसरे, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले की त्यांच्या घरी रेडिओ स्वयंपाकघरातच होता, आणि त्यांच्या आईला सगळी कडवी पाठ होती. ते दोघं मायलेक संध्याकाळी तिथं बसून म्हणायचे. मग ते त्यांच्या गल्लीशी वळले, नेहमीपेक्षा लवकर.

काल दुपारी पाहिलं तर सौभाग्यवती डोळे मिटून बसलेल्या, शेंगांचं सूप मांडीवर तसंच. मी म्हटलं, काय ऐकते आहेस, एक बोंड मला दे. तिनं डोळे न उघडता हात वर केला.

"थांबा. तिसरं कडवं चालू आहे."